मनाचा ठाव

दिवाळीच्या सुटींत आमची भाची चार दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. ती पुण्यास पदार्थविज्ञानाचा अभ्यास करते. तिच्या विषयाचा आमच्या विषयाशीं, म्हणजे इंग्रजी वाङ्मयाशीं, कोठेंच संबंध येत नसल्यामुळें आमचें आणि तिचें उत्तम जमतें. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं तिनें पिशवींतून एक जाड कागद काढला आणि आमच्यापुढें ठेवला. कागदावर मानवी मेंदूचा करड्या रंगाचा छेद होता, आणि त्यांत तीनचार ठिकाणीं तांबडेपिवळे ठिपके निखाऱ्यासारखे फुलले होते.

"हें काय?" आम्हीं विचारलें.

"मामा, हा माझा राग."

एका मैत्रिणीच्या प्रयोगासाठीं ती चुंबकाच्या नळींत तासभर निजली होती. तिला आपल्या आयुष्यांतला संतापाचा एक प्रसंग आठवावयास सांगितलें होतें, आणि ती तो आठवीत असतां यंत्रानें हें चित्र टिपलें होतें. आम्ही म्हणालों, "एवढ्यासाठीं यंत्र कशाला हवें होतें? तूं चार वर्षांची होतीस तेव्हांपासून तुझा राग आम्ही ओळखतों. आधीं नाकाचा शेंडा तांबडा होतो, मग तूं शहाण्यासारखी वागूं लागतेस, आणि मग घरांतल्या मंडळींनीं जपून राहावें." सारीं हंसलीं. तीही हंसली. नंतर कागदाची घडी करीत ती सहज बोलावें तसें बोलली, "आजोबांना असें निजवतां आलें असतें, तर तुम्हां तिघांचा वाद मिटला असता, नाहीं?"

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. चहा निवून गेला.

वाचकांस ह्या वादाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. आमचे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असूं, सातारा जिल्ह्यांतील एका गांवीं शाळेचे मुख्याध्यापक होते. २००९ सालीं त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवें अंग गेलें आणि त्याबरोबर वाचाही गेली. समोरच्याचें बोलणें त्यांना कितपत कळतें, हें डॉक्टरांनाही निश्चितपणें सांगतां येईना. २०११ च्या पावसाळ्यांत आमची आई झोपेंतच गेली. धाकटे बंधू म्हणाले, तात्यांना सांगूं नये. ज्याला बोलून दुःख हलकें करितां येत नाहीं, त्याच्या उरावर तें ठेवणें निर्दयपणाचें. भगिनी म्हणाली, जिच्याबरोबर पन्नास वर्षें काढलीं, ती गेल्याची वार्ता नवऱ्यापासून लपविण्याचा मुलांना अधिकार नाहीं. वडील मुलगा म्हणून निर्णय आमच्याकडे आला. चौथ्या दिवशीं आम्ही त्यांच्या खाटेशीं बसलों आणि म्हणालों, "तात्या, आई गेली."

त्यांचा चेहरा होता तसाच राहिला. थोड्या वेळानें त्यांनीं डाव्या हातानें पांघरुणाची कड सरळ केली. पुन्हां एकदां सरळ केली. मग डोळे मिटले. एवढेंच.

बंधूंच्या मतें त्यांना कांहींएक कळलें नव्हतें. पांघरूण ते रोजच सारखें करीत. भगिनीच्या मतें सारें कळलें होतें; पांघरुणाची कड सरळ करणें ही आईची संवय होती, त्यांची नव्हे. अकरा महिन्यांनीं तात्याही गेले. वाद मात्र मागें राहिला. श्राद्धाच्या दिवशीं, एखाद्या लग्नांत, कोठल्याही निमित्तानें तो निघतो आणि अर्ध्यावर थांबतो.

सुटी संपून भाची परत गेली, तेव्हां आम्हीं तिचीं दोन पुस्तकें मागून ठेवून घेतलीं. वाङ्मयाच्या अध्यापकानें अशा विषयांत तोंड घालूं नये हें आम्हांस समजतें. पण माणसाच्या अंतःकरणांत काय चाललें आहे हें त्याच्या चेहऱ्यावरून व शब्दांवरून ओळखण्याचा धंदा आम्ही तीस वर्षें करीत आलों आहों. त्या धंद्यांत नवा भागीदार आला असेल, तर त्याची चौकशी करणें आम्हांस प्राप्त होतें.

हा भागीदार वाटतो तितका नवा नाहीं. इटलींतील तूरीन येथील शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनीं १८८० नंतरच्या दशकांत माणसाला निजवण्याजोगा एक तराजू तयार केला होता. एका लांब फळीवर मनुष्य उताणा निजे. फळी मध्यावर अशी तोलून धरलेली असे कीं जरा भार इकडचा तिकडे झाला तरी ती कलावी. मोस्सोंची कल्पना अशी कीं, मन कामास लागलें कीं रक्त मेंदूकडे धांवतें, आणि तसें झालें तर डोक्याची बाजू खालीं गेली पाहिजे. सोपें वर्तमानपत्र वाचतांना ती थोडी जाते आणि अवघड ग्रंथ वाचतांना अधिक जाते, असें त्यांचें निरीक्षण होतें. एका विद्यार्थ्याला खवळलेल्या सावकाराचें पत्र वाचावयास देतांच फळी एकदम डोक्याकडे कलली, अशी हकीकत एका जुन्या वृत्तपत्रांत आलेली आहे. ती वाचून आम्हांस मोठें समाधान वाटलें. देशोदेशींच्या विद्यार्थ्यांचीं मस्तकें कशानें जड होतात ह्याविषयीं आमचा अनुभव निराळा नाहीं.

आजचें यंत्र हें तत्त्वतः मोस्सोंच्या तराजूचेंच वंशज आहे. मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या शेंकडा २ च्या आसपास; परंतु स्वस्थ पडलेल्या शरीरास जो प्राणवायु लागतो त्यांतील सुमारें पांचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. त्याचा जो भाग कामास लागतो तिकडे ताजें रक्त गरजेहून कांहींसें अधिकच धांवतें. रक्तांतील हेमोग्लोबिन प्राणवायूनें भरलेलें असतां चुंबकाशीं एका प्रकारें वागतें आणि रितें झाल्यावर दुसऱ्या प्रकारें. ही गोष्ट लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरियेल यांनीं १९३६ सालीं दाखवून दिली. १९९० सालीं सेइजी ओगावा यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ह्याच फरकावरून मेंदूंतील रक्ताची चाहूल घेण्याची रीति शोधून काढली. आज 'फंक्शनल एम्. आर्. आय्.' म्हणतात तें हेंच. ह्या कामीं वापरावयाचा ३ टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या कांहीं दशसहस्रपट जोरदार असतो.

तेव्हां भाचीच्या कागदावरील ठिपके म्हणजे राग नव्हे, रक्त. तेंही मागाहून आलेलें, कारण पेशी कामास लागल्यावर रक्ताचा लोंढा भरास यावयास पांचसहा सेकंद लागतात. चित्रांतील एकेक कण सामान्यतः दोनतीन मिलिमीटरांचा, आणि तेवढ्यांत लक्षावधि मज्जापेशी नांदत असतात. रात्रीं टेकडीवर उभें राहून खालच्या गांवाकडे पाहावें, आणि अमक्या आळींत अजून दिवे आहेत एवढें दिसावें, तशांतली ही गोष्ट. त्या घरांतलीं माणसें जागीं आहेत खरीं. पण तीं मुलीच्या लग्नाच्या गडबडींत आहेत, कीं उशाशीं गंगाजल ठेवून बसलीं आहेत, हें टेकडीवरून कसें कळावें?

येथें शास्त्रज्ञ म्हणतील, आम्ही एकाच दिव्याकडे पाहत नाहीं, साऱ्या गांवांतील दिव्यांची रचना पाहतों. हें त्यांचें म्हणणें यथार्थ आहे. २०१३ सालीं कार्नेगी मेलन विद्यापीठांतील करीम कासम व त्यांचे सहकारी यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठीं त्यांनीं दहा नट निवडले. भावना मागणीप्रमाणें हजर व्हावी म्हणून नट! त्यांना नऊ भावना नेमून दिल्या होत्या: क्रोध, जुगुप्सा, असूया, भय, हर्ष, कामवासना, गर्व, शोक आणि लज्जा. यंत्रांत निजून त्यांनीं एकेक भावना मनांत आणावी, आणि संगणकानें मेंदूभरच्या ठिपक्यांच्या रचनेवरून ती ओळखावी. अंधळेपणानें क्रम लावला असतां ज्या परीक्षेंत १०० पैकीं ५० गुण मिळावयाचे, तींत संगणकानें ८४ मिळविले. एका माणसाच्या चित्रांवरून शिकून दुसऱ्याची भावना ओळखतांनाही त्याचे गुण पन्नासाच्या पुष्कळ वर राहिले. हर्ष त्याला सर्वांत चांगला ओळखतां आला; सर्वांत अवघड गेली ती असूया. महाविद्यालयाच्या अध्यापकवर्गाच्या खोलींत ज्यांनीं आयुष्य घालविलें आहे, त्यांना ह्याचें आश्चर्य वाटावयाचें नाहीं.

ती यादी वाचतांच आमच्या मनांत दुसरी एक यादी उभी राहिली. तींतही नटच आहेत. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांतील आठ स्थायी भावांपैकीं रति, शोक, क्रोध, भय आणि जुगुप्सा हे पांच ह्या नवांत सरळ बसतात. आणि उरलेले चार, म्हणजे हर्ष, गर्व, असूया व व्रीडा, हे भरतांच्या तेहतीस व्यभिचारी भावांत मोडतात. आमच्या पूर्वजांना सारें ठाऊक होतें, असें म्हणणारांपैकीं आम्ही नाहीं. भरतांना रक्ताचा वेग मोजावयाचा नव्हता, प्रेक्षकांना रसास्वाद द्यावयाचा होता. पण त्या तेहतिसांत एक भाव असा आहे कीं ज्याला पिट्सबर्गच्या यादींत जागा मिळालेली नाहीं. त्याचें नांव अवहित्था. अवहित्था म्हणजे मनांतील भाव झांकणें. लाज, भय, मानीपणा यांमुळें ती उत्पन्न होते. भलतेंच बोलणें, दुसरीकडे पाहणें, बोलणें मध्येंच तोडणें, धीराचा आव आणणें ह्या तिच्या खुणा. झांकणें म्हणजे भावावर पडलेला पडदा, असें आपण समजतों. भरतांनीं त्या पडद्यालाच भाव मानलें. ह्या एका शब्दापाशीं आम्ही फार दिवस अडखळलों आहों. पण त्याकडे मागाहून येऊं.

यंत्राच्या चुका त्याच्या धन्यांनींच उघड केल्या, हें त्या शास्त्राचें मोठें भूषण आहे. अमेरिकेंतील क्रेग बेनेट आणि त्यांचे सहकारी यांनीं यंत्राच्या नळींत एक मेलेला सामन मासा ठेविला, त्याला माणसांचीं निरनिराळ्या प्रसंगांतील छायाचित्रें दाखविलीं, आणि चित्रांतील माणसास काय वाटत असेल तें ओळख, अशी यथाविधि आज्ञा केली. हिशेबांत एक अवश्य ती खबरदारी मुद्दाम सोडून दिली. आणि पाहतात तों मृत माशाच्या मेंदूंत 'विचाराचे' ठिपके उमटलेले! २००९ सालीं हा प्रयोग विद्वानांपुढें मांडला गेला, आणि २०१२ सालीं त्याला इग्नोबेल हें विनोदी पारितोषिक मिळालें. मर्म साधें आहे. लाखभर विद्यार्थ्यांनीं उत्तरपत्रिकेंत डोळे मिटून खुणा केल्या तरी त्यांत कांहीं जण उत्तीर्ण होणारच. तेवढ्यावरून ते अभ्यास करून आले होते असें म्हणतां येत नाहीं. हजारों कणांची एकेकटी परीक्षा घेतली कीं कांहीं कण केवळ योगायोगानें उजळतात.

अमकी गांठ म्हणजे भयाचें घर, हा समजही असाच ढासळला. मेंदूच्या दोन्ही बाजूंस बदामाएवढी एकेक गांठ असते, तिला अमिग्डला म्हणतात. एका दुर्मिळ विकारानें ह्या दोन्ही गांठी नष्ट झालेली एक अमेरिकन स्त्री वैद्यकीय ग्रंथांत एस्. एम्. ह्या आद्याक्षरांनीं ओळखली जाते. ती साप हातांत घेई, भीतीच्या चित्रपटांना बधत नसे; तिला भयच नाहीं असें ठरत आलें होतें. परंतु २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तिला ३५ टक्के कार्बनवायु मिसळलेली हवा एकदांच हुंगावयास दिली, तों ती भयानें कासावीस झाली. घर पाडलें होतें, पण भय दुसऱ्या वाटेनें आलें.

इतकें वाचून आम्ही मनांतल्या मनांत विजयी झालों होतों. साहित्याच्या बाजूनें निकाल लागत होता. पण पुढील प्रकरणानें हा विजय हिरावून घेतला.

२००६ सालीं एड्रियन ओवेन आणि त्यांचे सहकारी यांनीं इंग्लंडांतील एका तेवीस वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. मोटारीच्या अपघातानंतर तिचे डोळे उघडत, पण हांकेला ओ नव्हती; ती शुद्धीवर नाहीं असें वैद्यांचें निदान होतें. तिला यंत्रांत ठेवून सांगितलें: तूं टेनिस खेळत आहेस असें मनांत आण. आणि थोड्या वेळानें: तूं आपल्या घरांतून खोलीखोलींत हिंडत आहेस असें मनांत आण. निरोगी माणसाच्या मेंदूंत ह्या दोन कल्पनांनीं जे निरनिराळे भाग उजळतात, तेच तिच्या मेंदूंत उजळले. पुढें २०१० सालीं अशाच स्थितींतील एका पुरुषाला प्रश्न विचारण्यांत आले. होय म्हणावयाचें असेल तर टेनिस, नाहीं म्हणावयाचें असेल तर घर. त्याला त्याच्या वडिलांच्या नांवासारखे साधे प्रश्न घातले, आणि सहापैकीं पांच प्रश्नांचीं त्यानें बरोबर उत्तरें दिलीं.

हें पान आम्हीं मिटलें, पुन्हां उघडलें, आणि त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. तात्यांच्या खाटेशीं आम्ही चौथ्या दिवशीं बसलों होतों, त्याआधींच वर्षभर हा प्रयोग छापून निघाला होता. आमच्या गांवीं तसें यंत्र नव्हतें ही गोष्ट वेगळी. पण ज्यांना आम्ही न ऐकणारे समजून त्यांच्या उशाशीं दुधाचा हिशेब करीत होतों, ते कदाचित् आंत बसून सारें ऐकत असतील, ही कल्पना सोपी नव्हे.

मग भाचीच्या प्रश्नाला उत्तर काय द्यावें? आम्हांस वाटतें, ह्या यंत्राचीं दोन कामें आहेत, आणि तीं बाहेरून एकसारखीं दिसत असलीं तरी एक नव्हेत. त्या इंग्रज स्त्रीनें टेनिस मनांत आणलें, तेव्हां तिनें बोलावयाचें ठरविलें होतें. तिची जीभ गेली होती, यंत्रानें तिला दुसरी दिली. पण माणूस बोलूं इच्छीत नसतांना त्याच्या मागील दारानें शिरून आंतलें काढून आणणें, हें दुसरें काम. हा प्रश्न आपल्याकडे न्यायालयांतही आला. मेंदूंतील विद्युत्-लहरींवरून, अमुक कृत्याची आठवण आरोपीच्या ठिकाणीं आहे कीं नाहीं हें ठरविण्याची एक चाचणी निघाली होती, आणि २००८ सालीं पुण्याच्या एका खुनाच्या खटल्यांत सत्र न्यायालयानें शिक्षा देतांना तिच्या निष्कर्षाचाही आधार घेतला होता. २०१० च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, मेंदूच्या अशा चाचण्या कोणावरही त्याच्या संमतीवांचून लादतां येणार नाहींत. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति न होण्याचा जो हक्क घटनेनें दिला आहे, त्याचा त्यानें भंग होतो. संशयित माणसालाही न्यायालयानें अवहित्थेचा अधिकार दिला, असें आम्ही आमच्या भाषेंत म्हणूं.

आणि तात्या तर आरोपी नव्हते. ते आमचे वडील होते. त्यांच्या वडिलांच्या निधनाची तार शाळेंत आली तेव्हां त्यांनीं ती वाचून खिशांत ठेविली, फळ्यावरचें गणित पुरें केलें, आणि मग टोपी घालून ते बाहेर पडले, अशी आठवण त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. ज्यानें जन्मभर आपलें दुःख चारचौघांपासून राखलें, त्याचें अर्धें शरीर गेल्यावर उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यानेंही त्यानें तेंच केलें असेल. किंवा त्यांना खरोखरच कांहीं कळलें नसेल. ह्या दोहोंपैकीं खरें कोणतें हें आम्हांस ठाऊक नाहीं.

त्यांना यंत्रांत निजवतां आलें असतें तर निजवलें असतें काय? त्या वर्षीं विचारतां तर आम्हीं होय म्हटलें असतें, हें कबूल केलें पाहिजे. आणि कशासाठीं, हेंही कबूल केलें पाहिजे. त्यांचें दुःख कळावें म्हणून नव्हे. आम्हीं सांगितलें तें योग्य केलें कीं क्रूरपणा केला, ह्याचा निकाल आम्हांस हवा होता. मेंदूंत ठिपके उमटले नसते तर बंधूंनीं आम्हांस दोषमुक्त केलें असतें, उमटले असते तर भगिनीनें. त्यांच्या मस्तकांतल्या रक्तावर आम्ही आमच्या मनाचा खटला चालविला असता. आज तें यंत्र हाताशीं असतें, तर एकच गोष्ट आम्हीं केली असती: तात्यांना विचारलें असतें. "तुम्हांला कांहीं सांगावयाचें आहे काय? असेल तर शाळा मनांत आणा." आणि पडद्यावर कांहीं उमटलें नसतें, तर तें न कळणें आहे कीं न सांगणें आहे, ह्याची चौकशी न करितां आम्हीं त्यांना घरीं आणलें असतें.

हें सारें आम्हीं भाचीला पत्रानें कळविलें. नाताळांत ती पुन्हां आली तेव्हां तिनें तो विषय काढला नाहीं, आम्हींही काढला नाहीं. निघण्याच्या दिवशीं मात्र तो जाड कागद तिच्या हातीं परत देतांना आम्हीं विचारलें, "हा राग होता तरी कोणावर?"

तिनें कागद पिशवींत घातला, खिडकीबाहेर पाहिलें, आणि म्हणाली, "मामा, गाडी किती वाजतां आहे?"

आम्हीं गाडीची वेळ सांगितली.